टाकी एक, नळ दोन: एका सिलिंडरवर दुसरा व्हॉल्व घ्यायचा का?

तुझा प्रश्न आधी परत लिहितो, म्हणजे नंतर गोंधळ नको. ऑफिस तुला दोन वर्षांसाठी म्युनिकला पाठवतंय, तिथल्या तलावांत स्कूबा डाइव्ह करायचंय, ट्विनसेट (दोन सिलिंडरची जोडी) नको कारण पाठ दुखते आणि तिथलं घर तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं आहे, म्हणून सिलिंडर एकच, पण काही बिघडलं तर दुसरी सोय हवी. मग एच-व्हॉल्व घेऊ, वाय-व्हॉल्व घेऊ, की साध्या व्हॉल्वबरोबर पोनी बॉटल (स्वतःच्या हवेची वेगळी छोटी बाटली) लावू? आणि शेवटी हळूच एक ओळ टाकली आहेस, की इथे पुण्यात सेकंडहँड घेतलेल्या तुझ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर ऑनलाइन स्वस्तात मिळणारा एच-व्हॉल्व बसवला तर चालेल का. ही शेवटची ओळ सगळ्यात डेंजर आहे, तिच्याकडे येतोच.

आधी मूळ मुद्दा. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना, तिला एक नळ आहे, तो बिघडला की पाणी वाहून जातं किंवा बंद होतं. आता त्याच टाकीला दुसरा नळ लाव, वेगळ्या कॉकसकट. पहिला बिघडला तर त्याचा कॉक बंद करायचा आणि दुसऱ्याने पाणी घ्यायचं. एच आणि वाय दोन्ही व्हॉल्व म्हणजे एवढंच, नळ दोन झाले पण टाकीतलं पाणी एक थेंबही वाढलं नाही. पोनी म्हणजे गेटवर उभा असलेला टँकर, छोटा, पण टाकी रिकामी झाली तरी तो भरलेलाच. आता तुला भीती नक्की कशाची आहे, नळ बिघडण्याची का टाकी संपण्याची, ते ठरव, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. लोक हे ठरवत नाहीत आणि मग फोटोत काय भारी दिसतं त्यावर खरेदी करतात.

एक जुनी गंमत सांगतो. पूर्वी जे-व्हॉल्व नावाचा प्रकार होता, आतमध्ये स्प्रिंग, सिलिंडर जवळजवळ संपत आला की श्वास जड व्हायचा, मग बाजूची सळई खाली ओढली की उरलेली हवा मिळायची. म्हणजे आपल्या आकुर्डीच्या चेतकचा रिझर्व्ह कॉक! आणि त्रासही तोच, आदल्या दिवशी कोणीतरी कॉक रिझर्व्हला फिरवून ठेवलेला असायचा आणि गाडी बरोबर चांदणी चौकाच्या चढावर बंद पडायची. प्रेशर गेज सगळ्यांकडे आले तसे जे-व्हॉल्व गेले. साध्या व्हॉल्वला आजही के-व्हॉल्व म्हणतात, तारकर्ली, नेत्राणी, अंदमान कुठेही भाड्याने सिलिंडर घेतलास तर बहुतेक हाच येणार, तोही योकवाला, म्हणजे वरून शिकंज्याने आवळायचा.

आता थंड पाणी. इथे खरा फरक आहे. अंदमानात पाणी २८ अंशांच्या आसपास, तिथे रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणारं उपकरण) गोठण्याचा प्रश्नच नाही. बव्हेरियाच्या तलावांत उन्हाळ्यात वरती लोक मजेत पोहत असतात आणि तू वीस मीटरखाली गेलास की ४ ते ६ अंश, बाराही महिने. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं म्हणून ते तळाशी जाऊन बसतं, शाळेत शिकलो होतो ते हेच. फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडायचा भाग) हवा २०० बारवरून (बार म्हणजे दाबाचं माप) एकदम भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर येते, पसरते, आणि पसरताना कमालीची गार होते. बाहेरचं पाणीच ४ अंश असेल तर त्याला परत गरम करायला कोणी नाही, पिस्टनपाशी किंवा सेकंड स्टेजच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) लिव्हरपाशी बर्फ धरतो आणि व्हॉल्व उघडाच राहतो. हवा धबाधबा सुटते, आणि जितकी जास्त सुटते तितकं आणखी गार होतं, म्हणजे आपोआप थांबायची शक्यता शून्य. थांबवायचा एकच मार्ग, सिलिंडरचा कॉक बंद करणं. पण एकच कॉक असेल तर तो बंद केल्यावर तू श्वास कशातून घेणार? म्हणून दोन. तिथल्या व्हीडीएसटी या डायव्हिंग असोसिएशनचा नियमही हाच, थंड पाण्यात दोन वेगळे बंद करता येणारे व्हॉल्व आणि त्यांवर दोन पूर्ण वेगळे रेग्युलेटर. ही त्यांची फॅशन नाही, गरज आहे.

मी स्वतः हे खाऊन बसलोय. मीही तुझ्यासारखाच कंपनीच्या कृपेने तिकडे गेलेलो, जानेवारीचा महिना, कोणाचा तरी मागून आणलेला १२ लिटरचा सिलिंडर, एकच व्हॉल्व, एकच फर्स्ट स्टेज, त्यावर दोन्ही सेकंड स्टेज आणि इन्फ्लेटर (जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण), म्हणजे इथे नेत्राणीला वापरतो तसंच सगळं. २४ मीटरवर जरा खाली जायला लागलो म्हणून इन्फ्लेटर दाबला आणि त्याच क्षणी मोठा श्वासही घेतला. एकाच फर्स्ट स्टेजकडे एकदम दुप्पट हवा मागितली, तिने तिथेच मान टाकली. तोंडासमोर इतके बुडबुडे की बडी (जोडीदार डाइव्हर) दिसेना, आवाजाने डोकं सुन्न, मास्क हलायला लागला. गेज बघितलं तेव्हा १५० होतं, बडीने त्याचा ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) माझ्या तोंडात कोंबला, मग मागे जाऊन माझा कॉक शोधण्यात त्याचे जाड ग्लोव्हज, वरती येईपर्यंत माझ्या सिलिंडरमध्ये ३० उरले होते. सगळं मिळून तीनेक मिनिटं. बडी हाताच्या अंतरावर होता म्हणून हे आज लिहितोय, तो पाच-सहा मीटर पुढे असता तर... असो. त्यानंतर थंड पाण्यात एका फर्स्ट स्टेजवर उतरलो नाही.

म्हणजे तुझ्यासाठी म्युनिकला दोन आउटलेटवाला व्हॉल्व हवाच, यात चर्चा नाही. मग एच का वाय. एचमध्ये मुख्य व्हॉल्व सरळ असतो आणि त्याच्या बाजूला आडव्या दांडीने दुसरा पोस्ट (रेग्युलेटर लावायचा खांब) जोडलेला, बहुतेक मॉडेलमध्ये हा दुसरा भाग काढता येतो, त्या जागी बूच लावलं की साधा व्हॉल्व. वाय म्हणजे गलोल, एकाच तुकड्यातून दोन फांद्या तिरप्या निघतात. वायमध्ये सांधे कमी, म्हणजे ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) कमी, म्हणजे गळायच्या जागा कमी, हा त्याचा खरा फायदा. तोटा असा की नॉब आणि फर्स्ट स्टेज तिरपे बाहेर येतात, मान मागे केली की डोकं आपटतं, होज (नळ्या) विचित्र कोनात निघतात. एचचा जोड जर नीट बसवलेला नसेल तर तिथून बारीक बुडबुडे येतात, पण एच पुढे वाढवता येतो, काही कंपन्यांच्या मॉड्युलर सेटमध्ये तर तोच व्हॉल्व नंतर ट्विनसेटला लावता येतो. (पाठ दुखते म्हणतोस, पण मी ओळखतो या वाटेने जाणाऱ्यांना, दोन वर्षांत तू ट्विनसेटवर असशील.) मी स्वतः एच घेईन. पण भाड्याच्या सिलिंडरवर वाय आला तर नाक मुरडू नकोस, काम तेच करतो. घेताना एवढंच बघ की दोन्ही पोस्टमधलं अंतर तुझ्या दोन फर्स्ट स्टेजना पुरतंय का, काही जुन्या व्हॉल्ववर दोन जाड रेग्युलेटर शेजारी बसतच नाहीत, आणि नॉब रबराचा, जाड ग्लोव्हजमधून फिरवता येईल असा आहे का.

दोन्ही रेग्युलेटर डिनच घे. योकचा शिकंजा मोठा असतो, दोन योक शेजारी शेजारी म्हणजे रिक्षात चौघं, आणि योक २३२ बारपर्यंतच चालतो. डिनमध्ये रेग्युलेटर आट्यांनी व्हॉल्वच्या आतच बसतो, ओ-रिंग बंदिस्त राहते, आपटला तरी सहज निसटत नाही. २३२ बारच्या डिनला पाच आटे, ३०० बारच्याला सात. सुट्टीत अंदमानला आलास तर खिशात एक योक ॲडॅप्टर ठेव, झालं काम. अजून एक, युरोपात नायट्रॉक्ससाठी (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेसाठी) एम२६ आउटलेटचे वेगळे व्हॉल्व असतात, त्यावर तुझा नेहमीचा डिन बसणार नाही, तेव्हा सिलिंडर भाड्याने घेताना विचारून घे, नाहीतर तलावाकाठी दोन तास गाडी चालवून जायचं आणि आटे जुळत नाहीत म्हणून कॉफी पिऊन परत यायचं. रेग्युलेटर निवडताना त्यावर १० अंशाच्या वरचं असा शिक्का असेल तर तो तिकडे उपयोगाचा नाही, युरोपच्या ईएन २५० स्टँडर्डमध्ये जो थंड पाण्याच्या टेस्टला पास नसतो त्यावर तसं लिहावं लागतं. तुझा आत्ताचा रेग्युलेटर रविवारी पूलला घेऊन ये, शिक्का बघून सांगतो.

होज कशा वाटायच्या हे लोक चुकतात. साधा हिशोब, प्रत्येक फर्स्ट स्टेजवर एक सेकंड स्टेज असलीच पाहिजे. उजव्या पोस्टवर तोंडातली सेकंड स्टेज आणि बीसीडीचा (तरंगायच्या जॅकेटचा) इन्फ्लेटर, डाव्यावर ऑक्टोपस, ड्रायसूटची (आत पाणी न शिरणाऱ्या, हवा भरायच्या सूटची) होज आणि प्रेशर गेज. असं केलं की कुठलीही एक बाजू बंद केलीस तरी दुसऱ्या बाजूला श्वासही आहे आणि तरंगायची सोयही. एकाने मला सेटअप दाखवला होता, डाव्या फर्स्ट स्टेजवर फक्त गेज आणि ड्रायसूट, दोन्ही सेकंड स्टेज उजव्यावर. म्हणजे उजवा बिघडला की सूट फुगवत बसायचं का? शिवाय फर्स्ट स्टेजची सीट (आतलं सील) गळायला लागली की आतला दाब वाढत जातो, तो सेकंड स्टेजमधून सुटतो, सेकंड स्टेजच नसेल आणि रिलीफ व्हॉल्वही नसेल तर होज फुटते.

आणि गेजबद्दल एक, हे डोक्यात पक्कं कर. सिलिंडर एक म्हणून गेज एकच पुरतं, पण ते ज्या पोस्टवर आहे तो पोस्ट बंद झाला की सुई तिथेच अडकून बसते, होजमध्ये कोंडलेला दाब दाखवत. तू उजव्याने आरामात श्वास घेतोयस, हवा संपतेय, आणि गेज म्हणतंय १४० आहे अजून. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी दोन्ही पोस्ट पूर्ण उघडायचे, पूर्ण म्हणजे पूर्ण, ते उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी सवय सोड, कारण घाईत कोणीतरी पूर्ण बंद करून पाव फेरा उघडतो आणि ते दोन्ही हाताला सारखंच लागतं, काठावर श्वास मिळतो, खाली वीस मीटरवर मिळत नाही. ओळखायची खूण अशी, गेज ज्या पोस्टवर आहे त्याच्याच सेकंड स्टेजमधून दोन-तीन मोठे श्वास घे आणि गेजकडे बघ, सुई श्वासाबरोबर खालीवर नाचली तर कॉक अर्धवट आहे. आणि दोन्ही सेकंड स्टेजमधून वेगवेगळा श्वास घेऊन बघ, पण तिकडे हिवाळ्यात हे काठावरच्या उणे तापमानाच्या हवेत करू नकोस, तोंड पाण्यात घालून कर, कारण तुझ्या श्वासातली वाफच सेकंड स्टेजमध्ये गोठते.

एवढं सगळं विकत घेऊन हात जर मागे पोचत नसेल तर तो व्हॉल्व म्हणजे शोभेची वस्तू. आणि खरं सांगू, बहुतेकांचा पोचत नाही. सिलिंडर जरा वर बांध, क्रॉचस्ट्रॅप (मांड्यांमधून जाणारा पट्टा) असेल तर तो घट्ट कर, बँड एक-दोन इंच हलवून बघ. घरी खुर्चीत बसून रिकामा सिलिंडर पाठीला लावून सराव कर, बायको हसेल, हसू दे. उजवा नॉब बंद करताना त्याची वरची बाजू पुढे ढकलायची, डावा बंद करताना वरची बाजू मागे ओढायची, घाबरल्यावर हे उलटं होतं म्हणून शंभरदा कर. पाण्यात क्रम असा, आधी दुसऱ्या बाजूची सेकंड स्टेज तोंडात, दोन श्वास, मग सुटलेल्या बाजूचा कॉक बंद, मग बडीला खूण आणि वर. आधी कॉक बंद आणि मग तोंडात शोधाशोध असं नाही. कॉक बंद केल्यावर थोड्या वेळात बर्फ वितळतो आणि अगदीच गरज पडली तर ती बाजू परत उघडता येते, पण डाइव्ह तिथेच संपला असं समज. लो-प्रेशरची होज फुटली तर साधारण दीड-दोन मिनिटांत सिलिंडर रिकामा होतो, तेव्हा "मी शोधतोय कुठला नॉब" याला वेळ नसतो. गेजची हाय-प्रेशर होज फुटली तर आवाज भयंकर पण छिद्र बारीक असल्यामुळे वेळ भरपूर मिळतो, तिथे घाबरून रॉकेटसारखं वर जाणं हाच मोठा धोका.

आता पोनी. नळ ठीक आहे पण टाकी संपली, किंवा गळती सिलिंडरच्या मानेपाशीच आहे, जिथे व्हॉल्व सिलिंडरमध्ये बसतो त्या ओ-रिंगपाशी, किंवा अमेरिकन पद्धतीच्या व्हॉल्वमधली बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फुटणारी चकती) गेली, तर एच-व्हॉल्वचे दोन काय चार नॉब असले तरी काही होत नाही. तिथे पोनीच. पण केवढी? हिशोब कर. ३० मीटरवर दाब ४ बार, घाबरलेल्या माणसाला पृष्ठभागावरच्या मापाने मिनिटाला ३० लिटर धर आणि त्याला दाबाने गुण. तिथे सावरायला एक मिनिट, १२० लिटर. मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला सुमारे तीन मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार, साधारण २५० लिटर. तिथे तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप (वर यायच्या आधीचा थांबा), १३५. एकूण ५०० च्या वर. ३ लिटरची पोनी २०० बारला भरली तर ६०० लिटर, पुरते. ती १३ क्युबिक फुटांची गोंडस बाटली ३७० लिटरची असते, स्टॉप न करता आलास तरी शेवटचा श्वास पृष्ठभागावर. १८ मीटरसाठी ठीक, ३० साठी नाही. आणि ते खेळण्यासारखे छोटे डबे मिळतात ना तोंडाला लावायचे, त्यांचं नावच काढू नकोस.

हाच हिशोब एच-व्हॉल्ववाल्याने उलटा करायचा. तुझी टाकी एकच आहे, त्यातून बडीलाही द्यावं लागू शकतं, म्हणजे १००० लिटर राखून ठेवायचे, १२ लिटरच्या सिलिंडरला ते ८५ बार होतात, इकडच्या ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियमला ९०. म्हणजे ३० मीटरवर असताना गेज ९० ला आलं की वर निघायचं, "५० ला बोटीवर" हे १२ मीटरच्या रीफवरचं गणित आहे. खरं तर इकडे गरम पाण्यात ज्या लोकांची हवा संपली ते मी बघितलेत त्यांच्यापैकी एकाचाही रेग्युलेटर बिघडलेला नव्हता, गेज बघायचं विसरले होते, बडी माशाच्या मागे गेला होता. त्यांना एच-व्हॉल्वने काही फरक पडला नसता. म्हणून कोणी मला विचारतं की अंदमानसाठी एच-व्हॉल्व घेऊ का, तर मी सरळ नाही म्हणतो, सिलिंडर त्यांचा, व्हॉल्व त्यांचा, तू काय पाना घेऊन फिरणारेस? कॅमेरावाला असशील, बडीपासून लांब जायची खोड असेल तर पोनी भाड्याने मिळते का विचार.

आणि आता ती शेवटची ओळ. तुझा सिलिंडर मी बघितलाय, तो अमेरिकन पद्धतीचा आहे, मानेचे आटे पाऊण इंची, इंचाला चौदा. युरोपचे व्हॉल्व एम२५ बाय २ असतात, म्हणजे २५ मिलिमीटर जाडी आणि २ मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर). तुझ्याकडचा पिच १.८१. भयानक गोष्ट ही की एम२५ चा व्हॉल्व पाऊण इंची मानेत जातो. काही फेरे छान बसतो, हाताला घट्ट लागतो, कमी दाबाला गळतही नाही. मग भरताना १००-१५० बारला आटे सोलून व्हॉल्व गोळीसारखा सुटतो, समोर जो असेल त्याला. यात माणसं मेलीत. मानेवर आणि व्हॉल्वच्या बुडाला आट्यांचं माप कोरलेलं असतं, दोन्हीकडे तंतोतंत तेच हवं, आणि तरीही बसवायचं काम टेक्निशियनचं, टॉर्क रेंचने, नवीन ओ-रिंग घालून, आत डिप ट्यूब (व्हॉल्वच्या बुडाची छोटी नळी) आहे ना ते बघून. आपल्याकडे सिलिंडर पेसोच्या (स्फोटकं आणि गॅस सिलिंडर बघणारं सरकारी खातं) गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ खाली येतात, दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), तुझ्यावरचा शिक्का मला वाचताच आला नाही. आणि तो जर्मनीला न्यायचा विचार असेल तर सोड, तिकडचे खुणाशिक्के आणि चालू टेस्ट नसेल तर फिलिंग स्टेशनवाला हात लावणार नाही. तिकडे गेल्यावर पहिले सहा महिने १२ लिटरचा स्टीलचा सिलिंडर दोन आउटलेटच्या व्हॉल्वसकट भाड्याने घे. इथून फक्त रेग्युलेटर ने. पैसे खरे तिथेच जातात, व्हॉल्व स्वस्त आहे, दुसरी फर्स्ट स्टेज नाही.

जाता जाता एक, स्टार्नबर्गचा तलाव ५८४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ आपलं पुणंच, ५६०. ३०० मीटरच्या वर उंचीचा डाइव्ह धरतात, तेव्हा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःहून उंची ओळखतो का हाताने सेट करावा लागतो ते मॅन्युअलमध्ये बघून ठेव. मालवणहून डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी येणाऱ्या आपल्या मंडळींनाही उंचीचं भान ठेवा असं सांगत असतो, ऐकत कोणी नाही. रविवारी सातला ये, रेग्युलेटर, तो सिलिंडर, आणि ऑनलाइनवाल्या व्हॉल्वचा बुडाच्या आट्यांचा फोटो. ऑर्डर अजून टाकली नसशील अशी आशा.